फॉन्टच्या नावाने आलेला ट्रोजन : कराडमधल्या एका घरच्या संगणकाचं प्रकरण

शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४. संध्याकाळी सातला वहिनींचा फोन आला. "भाऊजी, कॉम्प्युटर लई आवाज करतोय, आणि माझ्या पेजवर कसल्या तरी परदेशी नाण्यांच्या जाहिराती दिसायला लागल्यात. हे म्हणतात, पोरानं गेम टाकली असणार. जरा येऊन जाता का?"

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, दादाची बायको. कराडात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्या डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दुकानांची बिलबुकं, अधूनमधून एखादा बॅनर. शेजारपाजारची माणसं आधार, पॅन, सातबारा यांच्या प्रिंटा काढायलाही त्यांच्याकडेच येतात. मी एका महाविद्यालयातली संगणक प्रयोगशाळा सांभाळतो, त्यामुळे घरातल्या कुणाचाही संगणक बिघडला की मलाच फोन येतो. त्या आठवड्यात तर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तुळशीची लग्नं नुकतीच लागली होती, म्हणजे पत्रिकांचा हंगाम उघडला होता, आणि २० तारखेला विधानसभेचं मतदान असल्यामुळे गावातले सगळे छापखाने प्रचाराच्या कामात बुडालेले. एरवी छापखान्यात होणारं कामसुद्धा वहिनींकडे वळलं होतं.

गेलो तेव्हा घरात चांगलीच तणातणी झालेली दिसली. पोरगा नववीत आहे. तो कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. मी संगणकासमोर बसलो तसा तो हळूच जवळ आला. "काका, टास्क मॅनेजर उघडलं की पंखा शांत होतो. बंद केलं की परत घरघर सुरू. मी चारदा करून बघितलं."

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा धागा त्याने दिला, आणि तोवर घरात कुणीही त्याचं ऐकून घेतलं नव्हतं. मी त्याला ते परत करून दाखवायला सांगितलं. खरंच तसं होत होतं. टास्क मॅनेजर म्हणजे कोणता प्रोग्राम किती काम करतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी. संगणक जुना झाला असेल, धूळ बसली असेल, तर पंखा सतत ओरडतो. कोण काय बघतंय याच्याशी त्याचा संबंध नसतो. आपल्यावर कुणी नजर ठेवतंय हे ओळखून गप्प बसणारं काहीतरी आत चालू होतं. मग मी नेटची वायर काढली. मिनिटभरात पंखा आपोआप मंदावला. म्हणजे आतल्या कामाला बाहेरच्या सर्व्हरची गरज होती. दुसऱ्याच्या विजेवर आणि दुसऱ्याच्या प्रोसेसरवर आभासी चलन तयार करणारे छुपे प्रोग्राम, ज्यांना मायनर म्हणतात, ते नेमके असेच वागतात.

पण मायनर स्वतःहून घरात शिरत नाही. त्याला कुणीतरी आत आणावं लागतं.

वेळेचा हिशेब

कुणावर संशय घ्यायचा यापेक्षा कधी काय घडलं ते आधी मांडावं, ही माझी सवय. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची वही असते. डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस तिच्यात आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद वेळेसकट करतो. ५००१ क्रमांकाची नोंद म्हणजे सततचं संरक्षण बंद केलं गेलं. ५००७ म्हणजे सेटिंग बदललं. १११६ म्हणजे घातक काहीतरी सापडलं. बुधवार, १३ नोव्हेंबरच्या दुपारच्या नोंदी ब्राउझरच्या इतिहासाशेजारी ठेवल्यावर चित्र उभं राहिलं.

४ वाजून १० मिनिटांनी एक झिप फाइल उतरवलेली. ४:१९ ला ५००१. ४:२१ ला ५००७, आणि त्यात डिफेंडरच्या 'इकडे बघू नकोस' या यादीत अख्खा सी ड्राइव्ह घातलेला. ४:२१ नंतर डिफेंडर जागेवर होता, पण त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती.

बुधवारी दुपारी सव्वाचारला पोरगा शाळेत होता. हे मी मोठ्याने बोललो नाही, पण स्क्रीनवरची वेळ वहिनींनीही वाचली. थोडा वेळ गेला आणि त्याच म्हणाल्या, "मीच केलंय भाऊजी. मला वाटलं काही झालंच नाही, म्हणून बोलले नाही."

झालं होतं असं. एका गिऱ्हाइकाने दुसऱ्या गावच्या छापखान्यातून पत्रिकेची कोरलड्रॉ फाइल आणली होती. नवरदेवाच्या घराण्याची जुनी पत्रिका, तिच्यात फक्त नावं आणि मुहूर्त बदलायचे होते. वहिनींनी ती उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. डीटीपीवाल्यांना हे नवीन नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या मराठी फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या खणांतच मराठी वळणं बसवलेली असतात, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तो नेमका फॉन्ट संगणकावर असेल तर मराठी दिसतं, नसेल तर भेंडोळं. तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर मिळतो ते विकत घ्यायचं, तर एका पत्रिकेसाठी परवडत नाही. दुसऱ्या दिवशी प्रूफ द्यायचं होतं. त्यांनी फॉन्टचं नाव टाकून पुढे 'फुल व्हर्जन क्रॅक', म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली फुकट प्रत, असं लिहून शोधलं.

जी झिप मिळाली तिला पासवर्ड होता, आणि तो शेजारीच लिहिलेला होता: १२३४. उघड्यावर लिहिलेल्या पासवर्डाचा उपयोग काय, असं कुणालाही वाटेल. उपयोग एवढाच की पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. आत एक सूचनापत्र होतं: आधी अँटिव्हायरस बंद करा, टॅम्पर प्रोटेक्शनही बंद करा, नाहीतर क्रॅक चालणार नाही. टॅम्पर प्रोटेक्शन ही अशी कडी आहे की एखाद्या प्रोग्रामला ती परस्पर काढणं जड जातं. माणसाने स्वतःच्या हाताने सेटिंगमध्ये जाऊन काढली तर सहज निघते. म्हणून तर सूचनापत्र लिहिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट मला नंतर दिसली. झिप होती ९ एमबीची, आणि ती उलगडल्यावर आतली सेटअप फाइल निघाली ७४० एमबीची. खरा प्रोग्राम थोडकाच, बाकी सगळी शून्यं भरलेली. शून्यं दाबून बसवली की जागा खात नाहीत, म्हणून झिप लहान राहते. एवढी मोठी फाइल पुष्कळ स्कॅनर तपासायला घेत नाहीत, आणि एकच फाइल बऱ्याच अँटिव्हायरसांकडून तपासून देणाऱ्या व्हायरसटोटलसारख्या संकेतस्थळावर चढवून बघावी म्हटलं तर तिथली मर्यादाच ६५० एमबीची आहे. इतकी काळजी घेऊन बांधलेलं गाठोडं कुणी हौसेखातर बांधत नाही. हा धंदा आहे.

सेटअप चालवल्यावर विंडोजने परवानगी विचारली, वहिनींनी 'होय' म्हटलं, आणि 'एक डीएलएल फाइल सापडत नाही' असा एरर आला. फॉन्ट काही बसला नाही. त्यांनी खिडकी बंद केली, अँटिव्हायरस परत चालू केला, आणि छापखान्यात फोन करून दुसरा मार्ग काढला. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. पण तो एररच खोटा होता. तो वाचून होईपर्यंत आतलं काम उरकलेलं असतं.

ट्रोजन आणि व्हायरस हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण दोघांत फरक आहे. व्हायरस स्वतःच्या प्रती काढत पसरतो. ट्रोजनला पसरावं लागत नाही, त्याला माणूस स्वतःच आत घेतो. डिसेंबर १९८९ मध्ये एड्सविषयी माहिती म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने जगभर पाठवल्या गेल्या होत्या. ज्यांनी ती फ्लॉपी घातली त्यांचा संगणक सुमारे ९० वेळा सुरू होईपर्यंत नीट चालायचा, मग फाइलींची नावं बिघडायची आणि पनामाच्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा असा मजकूर यायचा. फ्लॉपी घालणारे लोक डॉक्टर, संशोधक वगैरे शिकलेलेच होते. वहिनी पदवीधर आहेत आणि कोरलड्रॉ माझ्यापेक्षा दसपट चांगलं जाणतात. हे मुद्दाम लिहितोय, कारण त्या रात्री दादा त्यांना जे बोलला ते मला पटलं नाही. वहिनी बुधवारपासून शनिवारपर्यंत गप्प राहिल्या त्याचं कारण हे असं बोलणंच होतं. आणि ते तीन दिवस महागात पडले.

माझी चूक

आता माझ्याकडून काय चुकलं ते. मी कामाला लागलो तो थेट संगणक साफ करायला. साडेसात ते दहा, अडीच तास.

लिहिण्याला कुलूप घालता येतं असा एक पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहे, त्यात चालू असलेले प्रोग्राम दाखवणारा प्रोसेस एक्सप्लोरर आणि आपोआप सुरू होणारे प्रोग्राम दाखवणारा ऑटोरन्स ही दोन साधनं कायम असतात. मार्क रुसिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने ती बनवली, २००६ पासून ती मायक्रोसॉफ्टकडे आहेत आणि फुकट मिळतात. टास्क मॅनेजरचं नाव दिसलं की लपणारे प्रोग्राम बहुधा प्रोसेस एक्सप्लोररचं नावही ओळखतात, म्हणून मी त्याच्या फाइलचं नाव बदलून 'पत्रिका' केलं आणि मग चालवलं. यादीत एसव्हीसीहोस्ट नावाच्या, विंडोजची पडद्यामागची कामं चालवणाऱ्या बऱ्याच प्रक्रिया दिसल्या. त्या असतातच. खऱ्या एसव्हीसीहोस्टचं घर सिस्टम३२ हे फोल्डर, तिला जन्म देणारी प्रक्रिया सर्व्हिसेस, आणि तिच्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही. यातली एक मात्र वहिनींच्या नावाखालच्या ॲपडेटामधल्या रोमिंग फोल्डरात राहत होती आणि तिच्यावर कुणाचीच सही नव्हती.

ती मारली, फाइल पुसली. ऑटोरन्समध्ये शेड्युल्ड टास्कची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी उघडली तर दर पाच मिनिटांनी पॉवरशेल हे विंडोजचं आज्ञा चालवणारं साधन सुरू करणारं एक टास्क सापडलं. त्यातली आज्ञा वाचता येऊ नये म्हणून संकेतात गुंडाळलेली. तेही उडवलं. संगणक परत सुरू केला आणि दहा मिनिटांत तीच फाइल त्याच जागी हजर. दुसरं एक टास्क होतं, एका नेहमीच्या अपडेटरसारखं नाव घेतलेलं. प्रोग्रामडेटामध्ये ठेवलेली प्रत ते पुन्हा जागेवर आणत होतं. दोन्ही टास्क आणि दोन्ही प्रती एकाच दमात काढल्या तेव्हा ते थांबलं. मग डिफेंडरच्या वगळण्याच्या यादीतून सी ड्राइव्ह काढला.

त्या यादीत अजून एक फोल्डर होतं. तारखा बघितल्या तर संगणक घेतला त्याच दिवशीचं. ज्या दुकानातून असेंबल करून घेतला, तिथे परवान्याशिवाय विंडोज चालू करण्यासाठी ॲक्टिव्हेटर टाकलेला होता, आणि त्याला डिफेंडरने धरू नये म्हणून त्याचं फोल्डर वगळलेलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून या घराच्या एका खिडकीला गज नव्हते. वहिनींना याची कल्पनाच नव्हती. त्यांनी विंडोजचे पैसे दिले होते, अशी त्यांची समजूत होती.

हे सगळं करताना मला काम झाल्याचं समाधान वाटत होतं. दहा वाजता वहिनींचा फोन वाजला: कार्डावरून आणखी एक रक्कम गेल्याचा संदेश. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रिकाम्या घराला कुलपं लावत बसलोय.

मायनर हा नंतर आलेला पाहुणा होता. बुधवारी ४:२१ ला जो आधी आला तो माहिती चोरणारा. तो काम उरकून स्वतःला पुसून टाकतो, म्हणून तो मला सापडलाही नाही. त्याला लागतो मिनिटभर. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड कूटबद्ध असतात हे खरं, पण ते उघडण्याची किल्ली त्याच संगणकावर, त्याच वापरकर्त्याच्या नावाखाली असते. जुलै २०२४ मध्ये क्रोमने या किल्लीला वेगळं कडं घातलं. दोनतीन महिन्यांत चोरांच्या प्रोग्रामांनी त्यातूनही वाट काढली.

आणि पासवर्डापेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे सेशन कुकी. एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन आपण आत गेलो की संकेतस्थळ ब्राउझरला एक टोकन देतं, म्हणजे दरवेळी विचारायला नको. एसटी स्टँडजवळच्या सायकल स्टँडवर बिल्ला द्यायचे तसं. बिल्ला ज्याच्या हातात, सायकल त्याची. तो कुठून आणला हे कुणी विचारत नाही. वहिनींच्या पेजवर शिरणाऱ्याने पासवर्ड टाकलाच नव्हता, त्यामुळे ओटीपी आलाच नाही. त्यांच्या बिल्ल्यावर तो आत बसला होता, आणि जाहिरातींसाठी साठवून ठेवलेल्या कार्डावर स्वतःच्या जाहिराती चालवत होता.

जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, २८ ऑक्टोबरला, नेदरलँड्सच्या पोलिसांनी इतर देशांच्या साथीने रेडलाइन आणि मेटा या दोन चोर-प्रोग्रामांचे सर्व्हर ताब्यात घेतल्याची बातमी मी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना वाचून दाखवली होती. हे ट्रोजन भाड्याने मिळतात, असं मीच समजावून सांगितलं होतं. आणि ऐन वेळी स्वतःच्या घरात मीच क्रम उलटा केला.

फोन घेऊन बसलो

दहा वाजल्यापासून रात्री एकपर्यंत आम्ही त्या संगणकाला हात लावला नाही. सगळं वहिनींच्या फोनवरून आणि माझ्या लॅपटॉपवरून.

पहिला फोन बँकेला, कार्ड बंद. दुसरा १९३० ला. सायबर फसवणुकीसाठी हा क्रमांक देशभर एकच आहे. तक्रार क्रमांक मिळाला, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तीच तक्रार नोंदवली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या, तेव्हा लागू असलेल्या परिपत्रकानुसार, ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले असतील आणि संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकावर भार येत नव्हता. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक रकमेपर्यंत यायचा. निष्काळजीपणा ठरला तरीही, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून किती वाजता कळवलं ते कागदावर लिहून ठेवलं. एकूण ७,२०० रुपये गेले होते; जानेवारीत ते परत आले.

मग ईमेल, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथेच येऊन पडतात. आधी सगळ्या उपकरणांवरून साइन आउट, मग पासवर्ड. चोराच्या हातात जिवंत बिल्ला असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागेलच याची खात्री नसते, म्हणून आधीचे सगळे बिल्ले रद्द करायचे. मेलच्या सेटिंगमध्ये बघितलं तर एक फिल्टर सापडला: जाहिरात खात्याकडून येणारी पत्रं थेट कचऱ्यात. शुक्रवारपासूनच्या सूचना वहिनींना का दिसल्या नाहीत, त्याचं उत्तर तिथे होतं. पासवर्ड बदलणारे पुष्कळ जण फिल्टर बघत नाहीत, आणि तिथेच फसतात. व्हॉट्सॲपमधली जोडलेली उपकरणं काढली. ब्राउझरमध्ये ६१ पासवर्ड साठवलेले होते. बँक, वीजबिल, गॅस, पोराच्या शाळेचं पोर्टल असे महत्त्वाचे त्या रात्री, उरलेले रविवारी, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, आणि जिथे मिळेल तिथे दुहेरी पडताळणी. वहिनींनी ते जाड वहीत लिहिले आणि वही कपाटात ठेवली. त्याला माझी हरकत नव्हती. कराडच्या घरातल्या कपाटापर्यंत तो चोर येणार नव्हता.

पाडून नवं बांधायचं

रविवारी सकाळी मी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. विंडोज सुरू होण्याआधीच तो तपासतो, त्यामुळे आतल्या प्रोग्रामला लपायला वाव मिळत नाही. पंधरा-वीस मिनिटांत त्याने दोन ठिकाणी ट्रोजन दाखवला, दोन्ही माझ्याकडून सुटलेल्या प्रती. त्या काढल्या. परत स्कॅन केला, काही निघालं नाही.

दादा म्हणाला, "झालं ना मग? सोमवारपर्यंत तिला तीन प्रूफं द्यायचीत." त्याचं म्हणणं अवाजवी नव्हतं. पण माझ्या मनाला ते पटेना. स्कॅनरला जे ओळखता येतं तेच तो दाखवतो. ज्या संगणकावर अनोळखी प्रोग्रामने प्रशासकाच्या अधिकाराने तीन दिवस मुक्काम केला, त्यावर पुन्हा बँकेचा पासवर्ड टाकायला मी तयार नव्हतो, आणि स्वतःच्या घरात जे करणार नाही ते त्यांना कसं सांगू? विंडोज नव्यानेच टाकायचं ठरवलं. सोमवारच्या प्रूफांसाठी माझा लॅपटॉप त्यांच्याकडे राहिला.

वहिनींची सहा वर्षांची कामं त्या डिस्कवर होती. ती काढून घेण्यासाठी विंडोज सुरूच केलं नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली चालवली, आणि त्यातून फक्त सीडीआर, पीएसडी, पीडीएफ, फोटो आणि फॉन्टच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. ईएक्सई, बॅट, शॉर्टकट, कोरलड्रॉचे मॅक्रो असं काम चालवू शकणारं काही घेतलं नाही. विंडोज फाइलींची शेपटी लपवतं, त्यामुळे 'आमंत्रण.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल नुसती 'आमंत्रण.पीडीएफ' दिसते, लिनक्समध्ये पूर्ण नाव दिसतं. अशी एक सापडलीसुद्धा, वर्षभरापूर्वीची, एका गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवरून आलेली.

पुढचं काम सरळ होतं. माझ्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज घेतलं, डिस्कवरचे सगळे भाग पुसले, नव्याने टाकलं. या वेळी परवाना विकत घेतला. वहिनींसाठी रोजच्या कामाला साधं खातं आणि काही बसवायचं तर लागणारं प्रशासकाचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड वेगळा. राउटरचाही पासवर्ड बदलला आणि डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरचे आकडे तपासले. ते तपासायची सवय मला डीएनएसचेंजर या ट्रोजनच्या काळापासूनची. २०११ च्या नोव्हेंबरात एफबीआयने ती टोळी उघडकीला आणली तेव्हा जगभरातले ४० लाखांहून जास्त संगणक चोरांच्या सर्व्हरला पत्ते विचारत होते, आणि वापरणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. इथे आकडे ठीक होते.

ज्या फाइलीपायी हे सगळं झालं, तिचा प्रश्न दोन मिनिटांत सुटण्यासारखा होता. मी विचारलं, "छापखान्याला काय सांगितलंत मग?" वहिनी म्हणाल्या, "कर्व्ह करून पाठवा म्हटलं." कर्व्ह केलं की अक्षरांच्या आकृती होतात, फॉन्ट लागत नाही, बदलायची नावं आणि मुहूर्त तेवढे युनिकोडात नव्याने टाइप करायचे. मे २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये मराठीचा ध्वनीनुसार चालणारा कीबोर्ड आधीपासून असतो, तो त्यांना लावून दिला. जुन्या वळणाची सवय असलेल्या बोटांना तो आठवडाभर जड गेला.

अडतीस फाइली

मला वाटलं होतं काम संपलं. वहिनींना वाटत नव्हतं.

रविवारी रात्री त्या म्हणाल्या, "भाऊजी, डेस्कटॉपवर ते 'प्रिंट' फोल्डर होतं ना, त्यात लोकांची आधार आहेत."

३८ होती. प्रिंट काढायला आलेल्या शेजाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली, वेळेअभावी न पुसलेली. हे चोर-प्रोग्राम डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइलीही उचलतात. या उचलल्या का, हे कळायला मार्ग नव्हता, कारण चोराने मागे काही ठेवलं नव्हतं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो सगळ्यांचा एकाच साच्याचा: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. फाइलीला माणसाचं नाव दिलेलं असेल, तर उरतं ते साल.

दादा म्हणाला, "कशाला सांगायचं? गेली असतील कशावरून? उगाच धंद्याचं नाव खराब." त्याची काळजी मला समजते. हंगाम ऐन भरात होता. पण वहिनींनी त्याला उत्तर दिलं नाही. सोमवारी सकाळी त्यांनी फोन नंबरांची यादी केली आणि एकेकाला फोन लावायला घेतला. मी शेजारी बसून प्रत्येकाला काय सांगायचं ते लिहून दिलं: आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे अंगठा आणि डोळ्यांवरून कुणाला व्यवहार करता येणार नाही, अडचण आली तर १९४७ ला फोन करा, खात्यावर लक्ष ठेवा, आणि पुढच्या वेळी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार पाठवा. स्वतःहून काय घडलं तेही त्या सांगत होत्या, काही न लपवता. "माझ्या हातून चुकीची फाइल उघडली गेली."

दोघे चिडले. एकाने पत्रिकेचं काम काढून घेतलं. बाकीच्यांनी ऐकून घेतलं, काहींनी उलट धीर दिला. बुधवारी मतदान झालं, गुरुवारपर्यंत यादीतली ३५ नावं खोडली गेली. त्यानंतर दोन आठवड्यांनी वहिनींच्या जुन्या ईमेलवर परदेशातून लॉगिनचा प्रयत्न झाल्याची सूचना आली. चोरीला गेलेलाच पासवर्ड कुणीतरी वापरून बघत होतं. तो आता चालत नव्हता.

शेवटच्या तिघांचे फोन लागत नव्हते. त्यातली एक गल्लीच्या टोकाला राहणारी आजी. वहिनी स्वतःच गेल्या, मीही बरोबर होतो. आजींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे माझं रेशन बंद व्हनार का गं?" रेशन दुकानात अंगठा लागतो, म्हणजे लॉक केलं तर दर महिन्याला तात्पुरतं उघडावं लागणार, आणि त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही. मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "आजी, लावायचंही मी बघते आणि रेशनच्या दिवशी उघडायलाही मीच येते." भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्यांनी रेशनच्या तारखेपुढे स्वतःचा नंबर लिहिला. त्या अजूनही दर महिन्याला जातात.